विहीर कोणत्या धर्माची?

३० मार्च २०२५ रोजी, ईदच्या आदल्या दिवशी, पहाटेच्या अंधारात बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यातल्या अर्धमसला गावी मशिदीत जिलेटिनच्या कांड्यांचा स्फोट झाला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही आणि दोघा संशयितांना पोलिसांनी लगोलग अटक केली. त्यांच्या अपराधाचा निवाडा करणे हे न्यायालयाचे काम आहे. मात्र अशा घटनेनंतर पारावर आणि चहाच्या टपरीवर जो वाद रंगतो, त्याचा निवाडा आपणा सर्वांनाच करावयाचा आहे. एक पक्ष म्हणतो, हा धर्मच मुळात बुद्धीचा व विज्ञानाचा वैरी आहे. दुसरा पक्ष उत्तर देतो, विज्ञानाने आज जे शोधले ते आमच्या ग्रंथात चौदाशे वर्षांपूर्वीच सांगितले आहे. हे दोन्ही पक्ष एकमेकांवर तुटून पडतात खरे, परंतु त्यांची चूक एकच आहे. धर्माचे नाव उच्चारले की कारण सापडले, असे दोघेही समजतात.

या वादाचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. बीड शहरापासून थोड्याच अंतरावर खजाना विहीर आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अहमदनगरच्या निजामशाहीत, सलाबतखानाच्या अधिकारात आणि राजा भास्कर या स्थापत्यकाराच्या हातून ती उभी राहिली, असे सांगितले जाते. जमिनीखालच्या बोगद्यांतून तिच्यात पाणी उतरते आणि तशाच बोगद्यातून, कोणत्याही यंत्रावाचून, केवळ उताराच्या बळावर ते शेतीकडे जाते. आता हे विज्ञान कोणाचे मानावे? सत्ता मुसलमानाची, कारागिरी हिंदूची. बोगद्याने पाणी आणण्याची विद्या इराणातील, आणि तीही इस्लामच्या उदयापूर्वी कित्येक शतके तेथे रुजलेली. ज्यांना या विहिरीवर आपल्या धर्माचा शिक्का मारावयाचा असेल, त्यांनी आधी तिच्या पाण्याला विचारून पाहावे.

साधारण त्याच सुमारास, १५८० मध्ये, इस्तंबूल येथे तकीउद्दीन या ज्योतिर्विदाची वेधशाळा सुलतानाच्या आज्ञेने पाडली गेली. ती उभारून जेमतेम तीन वर्षे झाली होती. पहिल्या पक्षाला हा पुरावा फार प्रिय वाटेल. परंतु त्याच्या दीडशे वर्षे आधी उलुघबेगाने समरकंदला भव्य वेधशाळा बांधली, तोही मुसलमानच होता. गझालीने एक ग्रंथ लिहिला आणि इस्लामी जगातील विज्ञान संपले, असे मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले जाते. गझाली ११११ मध्ये मरण पावला आणि उलुघबेगाची वेधशाळा त्यानंतर तीनशे वर्षांनी झाली. एकच धर्म वेधशाळा बांधणाऱ्याचाही असतो आणि पाडणाऱ्याचाही असतो. तेव्हा बांधण्याची व पाडण्याची कारणे दरबारात, तिजोरीत आणि त्या त्या काळच्या राजकारणात शोधणे भाग आहे.

दुसऱ्या पक्षाचा दावाही याच कसोटीवर टिकत नाही. इब्न अल्-हैथमने प्रकाशाचे नियम धर्मग्रंथातून काढले नाहीत. डोळ्यातून किरण बाहेर पडतात, हे पूर्वसूरींचे मत त्याने तपासून नाकारले आणि प्रयोगांची कास धरली. अल्-ख्वारिझ्मीने भारतीय अंकपद्धती समजावून देणारा ग्रंथ लिहिला. १५८७ मध्ये अकबराच्या दरबारातील फैजीने भास्कराचार्यांची ‘लीलावती’ फारसीत आणली. ज्ञानाला उसनवारीची लाज नसते, लाज असते ती अभिमानाला. १९७६ मध्ये मॉरिस ब्युकाय या फ्रेंच वैद्याने कुराणात आधुनिक विज्ञान असल्याचे प्रतिपादन केले, तेव्हापासून असे शोध लावणाऱ्यांना तोटा नाही. त्यांना हसणाऱ्यांनी गणपतीच्या मस्तकात शस्त्रक्रियाशास्त्र पाहणाऱ्या आपल्या विद्वानांकडेही एक दृष्टिक्षेप टाकावा. शोध लागल्यानंतरच ग्रंथात त्याचा उल्लेख सापडतो, आधी कधीच सापडत नाही, हे दोन्हीकडचे साम्य मोठे बोलके आहे.

हा वाद केवळ इतिहासापुरता असता तर तो पंडितांवर सोपवता आला असता. परंतु कारण चुकले की उपाय चुकतो, आणि त्याची किंमत भलत्यालाच मोजावी लागते. बालविवाह हा मुसलमानांचा प्रश्न आहे, असा सर्रास समज आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या दर शंभर स्त्रियांमध्ये चाळिसांहून अधिक जणींचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधीच झाले होते. जिल्ह्यात मुसलमानांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे बारा टक्के आहे. त्यांच्यातील प्रत्येक मुलीचे लग्न लहानपणीच झाले असे घटकाभर धरले, तरी उरलेल्या जवळजवळ तीस मुली कोठून आल्या? त्या ऊसतोडीच्या अड्ड्यावरून आल्या. दसरा उलटला की नवराबायकोची जोडी, म्हणजे एक ‘कोयता’, उचल घेऊन कारखान्याच्या वाटेला लागते. वयात आलेली मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवावी, ही आईबापांची धास्ती असते, आणि लग्न लावले की नवा कोयता तयार होतो, हा मुकादमाचा हिशेब असतो. या हिशेबात मुलीचा धर्म कोणी विचारत नाही.

याचा अर्थ धर्माला प्रश्न विचारू नयेत, असा मुळीच नव्हे. हमीद दलवाई यांनी १९६६ मध्ये तलाकपीडित सात स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर नेला आणि १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. तोंडी तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरविण्यास २०१७ साल उजाडावे लागले. त्यांच्या प्रश्नांना धार होती, कारण ते एका अन्यायाकडे बोट दाखवीत होते, एका समाजाकडे नव्हे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये झालेला जादूटोणाविरोधी कायदाही बाबा आणि बुवा यांत फरक करीत नाही. खऱ्या संशयवाद्याची हीच ओळख आहे. तो शेजाऱ्याच्या ग्रंथाला जो प्रश्न विचारतो, तोच आपल्या घरच्या पोथीलाही विचारतो.

बीडच्या माणसाला दुष्काळ काही नवा नाही. पाणी का आटले, याचा शोध जो जमिनीत घेतो, त्याला कधीतरी पाणी लागते. जो ते शेजाऱ्याच्या देवघरात शोधतो, त्याच्या हाती भांडणाखेरीज काही लागत नाही.