धक्क्याखालची वाळू

बंदराचा धक्का भूकंपात निकामी होतो तो बहुधा खालच्या आणि मागच्या जमिनीमुळे. तिथला भराव अनेकदा सैल, पाण्याने भरलेल्या वाळूचा असतो. हादरे बसले की कण दाटीने बसू पाहतात, मधल्या पाण्याला निसटायला वेळ मिळत नाही, त्याचा दाब वाढतो, कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि सगळा भराव समुद्राकडे सरकतो. १७ जानेवारी १९९५ रोजी कोबे बंदरात काँक्रीटच्या महाकाय पेट्यांचे धक्के न फुटता, अख्खेच्या अख्खे, काही ठिकाणी ५ मीटरपर्यंत पुढे गेले. त्याच बंदरातल्या माया गोदीतला जादा भूकंपबल धरून बांधलेला धक्का मात्र टिकला.

आपल्याकडे २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कांडला बंदराच्या कार्यालयाचा मनोरा पाइलवर, म्हणजे जमिनीत खोल रोवलेल्या खांबांवर, उभा असूनही कलला. जमीनच सरकली तर पाइल तिच्याबरोबर वाकतात. तिरपे पाइल आडवा जोर स्वतःवर ओढून घेतात आणि माथ्याशी तुटतात. १९८९ साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंड बंदराने ते पाहिले.

म्हणून आधी जमीन सुधारायची. वाळू कंपनाने दाबून बसवता येते किंवा तिच्यात खडीचे स्तंभ घालता येतात. खडी पाण्याला वाटही देते. जपानच्या कुशिरो बंदरात १९९३ च्या भूकंपात अशी सुधारलेली जागा शाबूत राहिली, शेजारची सैल जागा खचली. मऊ चिखलाला कंपनाचा उपयोग नाही, तिथे सिमेंट मिसळता येते.

मग पाइलमधले पोलाद. रोलिंग मिलमधून निघणाऱ्या सळईचे गिऱ्हाईक पहिल्यांदा दर विचारते. पाइलसाठी ताकदीइतकाच न तुटता ताणले जाण्याचा गुण महत्त्वाचा: भारतीय मानकानुसार ५०० प्रतीच्या सळईने तुटण्यापूर्वी किमान १२ टक्के लांबले पाहिजे, ५०० डी ने १६ टक्के. भूकंपात हा फरक दरापेक्षा मोठा. तरी सरकत्या वाळूपुढे उत्तम सळईचेही फार चालत नाही.

पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पात समुद्रात मोठा भराव आहे, आणि जवळच्या डहाणू-तलासरी पट्ट्यात २०१८ पासून लहान हादऱ्यांची मालिका नोंदली गेली. अशा जागी धक्क्याची लांबी सांगून भागत नाही. भराव किती घट्ट करणार, हे निविदेत आकड्याने लिहावे आणि वरचा स्लॅब घालण्याआधी शंकूभेदन चाचणीने, म्हणजे जमिनीत शंकू रेटून, तो आकडा तपासून जाहीर करावा. धक्का वापरात आल्यावर त्याखालची वाळू सुधारायची तर बहुतेक वेळा जहाजे थांबवावी लागतात.