गन साधी चालेल, कॉम्प्रेसर नीट घ्या

शाडूचे छोटे गणपती रंगवून देण्याच्या जोडधंद्यावर व्हिडिओ केला, तेव्हापासून एकच प्रश्न येतोय, "सर, एअरब्रश कुठला घेऊ?" माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या वर्षी दहा-पंधरा हजारांची जपानी गन घेऊ नका. पैसा कॉम्प्रेसरमध्ये घाला.

कारण बघा. आपला सीझन येतो ऐन पावसाळ्यात. हवेत दमट इतका, की कॉम्प्रेसर हवा दाबतो तेव्हा त्यातलं पाणी सुटतं आणि पाइपातून थेट मूर्तीवर येतं. गालावर हलकी गुलाबी छटा मारताय आणि मध्येच पाण्याचा थेंब उडाला, की तो भाग पुन्हा पहिल्यापासून. महागडी गन इथे काही करू शकत नाही. त्यासाठी टाकीवाला कॉम्प्रेसर, त्यावर प्रेशरचा काटा आणि पाणी अडवणारा फिल्टर हवा. तीन लिटरची टाकी घरच्या कामाला पुरते. बॅटरीवर चालणारा, हातात मावणारा कॉम्प्रेसर केकला वगैरे ठीक, पण दिवसाला पंधरा मूर्ती करायच्या तर तो तापतो आणि दम सोडतो. संध्याकाळी टाकीखालचा व्हॉल्व्ह उघडून साचलेलं पाणी काढायचं. हे विसरणारेच जास्त, आणि मग टाकी आतून गंजते.

आता गन. डबल ॲक्शन घ्या, म्हणजे खटका दाबला की हवा आणि मागे ओढला की रंग. हात बसायला आठवडा लागेल, लागू द्या. रंगाची वाटी वर असलेली बरी, थोड्या रंगात काम होतं. नोझल ०.३ किंवा ०.५ मिलिमीटरचं. ०.२ च्या मोहात पडू नका; मोत्याच्या चमकीचा रंग त्यात अडकणारच. आणि डोळ्यांची आखणी तशीही ब्रशनेच करायची आहे. दुकानदाराला एकच विचारा, "याचं नोझल आणि सुई सुटी मिळते का?" नाही म्हणाला तर गन कितीही चकचकीत असो, परत ठेवा. सुई एकदा हातातून पडली की टोक वाकतं, आणि वाकल्या टोकाने रंग सरळ जात नाही, शिंतोडे उडतात.

रंग पातळ करून, नायलॉनच्या कापडातून गाळूनच वाटीत ओता. प्रेशर १५ ते २५ पीएसआय पुष्कळ झालं. आणि तोंडाला मास्क, यात चर्चा नाही.

खरी परीक्षा साफसफाईची. रंग बदलताना वाटी रिकामी करायची, पाणी घालायचं, स्वच्छ पाणी उडेपर्यंत मारायचं. रात्री सुई काढून जाड बाजूकडून टोकाकडे पुसायची. उलटं पुसलं तर बोटात जाईल, नाहीतर टोक तरी वाकेल. अख्खी गन थिनरमध्ये बुडवून ठेवणारे मी पाहिलेत. आतल्या रबरी रिंगा फुगतात, मग हवा गळते. नोझल घट्ट करताना जोर लावू नका, बारीक आट्या तुटतात. वाटीत आपोआप बुडबुडे यायला लागले तर समजा, नोझल सैल आहे किंवा चिरलंय.

"सर, रात्री बारा वाजता कोण धुणार?" असं एका ताईंनी विचारलं. ताई, चतुर्थीची तारीख पुढे ढकलता येत नाही. आदल्या आठवड्यात नोझल तुंबलं आणि सुटं नोझल घरात नसेल, तर ॲडव्हान्स परत करावा लागतो. म्हणून पहिल्या ऑर्डरच्या ॲडव्हान्समधून एक जोडी सुई-नोझल आधी आणून ठेवा.

कॉम्प्रेसरचा आवाज शेजाऱ्यांना चालेल का, ते मात्र घेण्याआधीच विचारून या. चाळीत राहणाऱ्यांनी तर नक्कीच.