प्रतिस्पर्धी तोलामोलाचा हवा

दुबळा प्रतिस्पर्धी निवडून सामने ठरविले की विजयांची संख्या फुगते, ढालींनी कपाट भरते. परंतु संघ वाढत नाही. शेलारचे कबड्डी मंडळ असो वा भिवंडीतील महाविद्यालयाचा संघ, हा मोह दोघांनीही आवरावा. १९९० ते २०१४ या काळात आशियाई क्रीडास्पर्धांतील पुरुष कबड्डीची सातही सुवर्णपदके भारताने जिंकली. २०१८ साली जाकार्ता येथे मात्र उपांत्य सामन्यात इराणने आपल्याला २७-१८ असे नमविले. तो चमत्कार नव्हता. २०१५ साली मुंबईच्या व्यावसायिक संघातून खेळलेल्या फझल अत्राचलीसारखे इराणी गडी आपल्याच उत्तमोत्तम खेळाडूंशी झुंजून तयार झाले होते.

लागोपाठच्या पराभवांनी कोवळी मुले खचतील, हा आक्षेप पोकळ नाही. नवशिक्यांना प्रथम बरोबरीचेच गडी द्यावेत. परंतु जाणत्या संघाने हंगामात निदान दोन सामने तालुक्याबाहेरील, आपल्याहून सरस संघांशी मागून घ्यावेत. आणि चालकांनी त्या पराभवाबद्दल मुलांना बोल लावू नये. खरा कस जिल्हा निवडीच्या दिवशी लागतो, आणि तेव्हा चुकून शिकण्यास वेळ उरत नाही.