उत्तरे थोरांची, पत्रे कोणाची?

थोरांची पत्रे म्हटली की आपले हात आपोआप जोडले जातात. ‘त्यांनी काय लिहिले’ हे आपण भक्तिभावाने वाचतो. ‘त्यांना काय लिहिले गेले’ हे विचारायची आठवणही आपल्याला होत नाही. अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्रपुरुषांच्या बाबतीत हा अन्याय फार मोठा झाला आहे आणि त्याबद्दल मला भांडायचे आहे. सणासुदीला भांडण कशाला, असे कोणी म्हणेल. पण फराळाच्या ताटात थोडी तिखट शेव असतेच की!

थॉमस जेफर्सन 1809 साली अध्यक्षपदावरून उतरले आणि व्हर्जिनियातील माँटिसेलोच्या आपल्या घरी जाऊन राहिले. टपालाने तिथेही पाठ सोडली नाही. 1820 या एका वर्षात आपल्याला 1,267 पत्रे आली, असे गाऱ्हाणे त्यांनी पुढे 1822 साली जॉन अ‍ॅडम्स यांच्यापाशी मांडले. अध्यक्ष असतानाची तऱ्हा तर विचारूच नका. कोणाला नोकरी हवी, कोणाला उसने पैसे, कोणाला आपण लावलेल्या शोधाला आश्रय. 1807 च्या डिसेंबरात परदेशी व्यापार बंद झाला तेव्हा काम बुडालेल्या खलाशांनी पोटाची व्यथा कळवली. काहींनी शिव्याही दिल्या.

पंडित मंडळी म्हणतात, ही किरकोळ पत्रे. थोरांचा वेळ खाणारी. किरकोळ? पाहू या.

1790 च्या ऑगस्टमध्ये अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्ट गावी आले. तेथील लहानशा ज्यू समाजाच्या वतीने मोझेस सेक्सस यांनी त्यांना स्वागताचे पत्र दिले. आपले नवे सरकार धर्मद्वेषाला थारा देत नाही आणि छळाला साहाय्य करीत नाही, असे त्यात म्हटले होते. वॉशिंग्टननी उत्तर धाडले आणि त्यात तेच शब्द जवळजवळ जसेच्या तसे उतरवले. आज ते वाक्य गाजते ते वॉशिंग्टनांच्या नावावर! माझ्या वर्गातल्या पोराने शेजाऱ्याच्या वहीतले वाक्य उतरवले तर मी त्याला बाकावर उभे करतो. अध्यक्षांनी उतरवले की त्याचे सुवचन होते. सहिष्णुता ही एका वर्गाने दुसऱ्यावर केलेली मेहेरबानी नव्हे, ही मोलाची भर वॉशिंग्टननी त्या उत्तरात घातली, हे मान्य. पण मूळ ठेव सेक्सस यांची होती, हे किती जणांना ठाऊक आहे?

दुसरे उदाहरण घ्या. 1801 च्या ऑक्टोबरात कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या बाप्टिस्ट मंडळींनी जेफर्सनना लिहिले की, आमचे धर्मस्वातंत्र्य इथल्या राज्यात हक्क म्हणून नव्हे, कृपा म्हणून मोजले जाते. 1 जानेवारी 1802 च्या उत्तरात जेफर्सननी धर्मसंस्था आणि राज्यसंस्था यांच्यामधल्या भिंतीची उपमा योजली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1879 साली आणि पुन्हा 1947 साली त्या उत्तराचा आधार घेतला. भिंत सर्वांना दिसते. ती मागणारी माणसे मात्र कोणाला आठवत नाहीत.

आणि तिसरे उदाहरण जिव्हारी लागणारे आहे. मेरीलँडचे बेंजामिन बॅनेकर हे स्वतंत्र काळे शेतकरी. गणित आणि ज्योतिष स्वतःच्या कष्टाने शिकलेले. 19 ऑगस्ट 1791 रोजी त्यांनी परराष्ट्रमंत्री जेफर्सनना आपल्या पंचांगाचे हस्तलिखित पाठवले आणि सोबतच्या पत्रात सरळ सवाल केला : सर्व माणसे समान जन्मतात, असे 1776 साली तुम्हीच लिहिलेत ना? मग माझे बांधव तुमच्या दास्यात कसे? 30 ऑगस्टला उत्तर आले. मोठे गोड उत्तर! पंचांग पॅरिसला काँदोर्से यांच्याकडे धाडतो, असे त्यात होते. पण आपल्या घरच्या गुलामांच्या सुटकेचा शब्द नव्हता. 1806 मध्ये बॅनेकर वारले. 1809 साली जेफर्सननी एका मित्राला लिहिले की, त्या लांब पत्रावरून गृहस्थाची बुद्धी अगदीच सामान्य दिसते. तोंडावर नमस्कार, पाठीमागे नाक मुरडणे, दुसरे काय?

कोणी म्हणेल, एकटा माणूस हजारो पत्रांना तोंड देणार तरी कसा? खरे आहे. जेफर्सन हात दुखेपर्यंत लिहीत, हेही खरे. पण माझी तक्रार उत्तर उशिरा देण्याबद्दल नाहीच. सौजन्याचे उत्तर आले म्हणजे न्याय झाला, असे समजण्याबद्दल आहे. बॅनेकरांच्या प्रश्नाचे उत्तर टपालाने आले नाही; ते यायला यादवी युद्ध पेटावे लागले आणि 1865 साल उजाडावे लागले. त्यानंतर आठच वर्षांनी, 1873 साली, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. एखाद्या अध्यक्षाला नव्हे, लोकांना! आमच्या या माणसाला नेमके कळले होते की श्रेय कुठे टाकायचे.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी थोरांचे एखादे तेजस्वी उत्तर वाचाल तेव्हा तेवढ्यावर पुस्तक मिटू नका. हे कोणाला लिहिले, त्याने काय मागितले होते आणि मागितलेले त्याला मिळाले का, हे तीन प्रश्न विचारा. घरातल्या मुलांनाही विचारायला शिकवा. थोरांचा मान त्याने तसूभरही कमी होणार नाही. कमी झालाच, तर तेवढा तो दुसऱ्या कोणाचा होता असे समजावे.