धुक्याचे दिवस, गोधडीचे टाके

महाराष्ट्रातून बदलीवर दिल्लीला आलेल्या कुटुंबाला सुरुवातीला थंडीचे मोठे अप्रूप वाटते. दिवाळी झाली की स्वेटर बाहेर निघतात, घरात गजक-रेवडी येते. डिसेंबरच्या अखेरीस मात्र हे अप्रूप ओसरू लागते. दिल्लीत बर्फ पडत नाही, पण हिमालयात बर्फ पडले की तिकडचे गार वारे येथवर पोहोचतात. ८ जानेवारी २००६ रोजी सफदरजंग येथे पारा ०.२ अंशापर्यंत उतरला होता. असा कडाका रोज नसतो. पण दुपारपर्यंत न हटणारे धुके आणि दूषित हवा माणसाला घरात कोंडून ठेवते. त्यातच जानेवारीच्या सुरुवातीला मुलांच्या शाळांनाही सुटी असते.

नोकरी करणारे कसेबसे बाहेर पडतात. घरी राहणारी गृहिणी आणि गावाहून आलेल्या सासूबाई मात्र चार भिंतींत अडकतात. दारे-खिडक्या बंद, शेजारणीचे तोंड दिसत नाही. सकाळची कामे आटोपल्यावर दूरदर्शन संच लावून बसायचे, किरकोळ कारणावरून एकमेकींवर चिडायचे आणि संध्याकाळची वाट पाहायची. अशा वेळी कपाटाच्या तळाशी पडलेल्या जुन्या सुती साड्या उपयोगी पडू शकतात. त्यांची गोधडी शिवता येते.

लाज कशाची?

कित्येक घरांत पाहुणे आले की गोधडी दिवाणाखाली जाते. ती गरिबीची खूण वाटते. कुठे गोधडी, कुठे वाकळ, तान्ह्या बाळासाठी दुपटे. नावे वेगळी, पण जुने कापड वाया जाऊ न देण्याची रीत एकच. हीच रीत बंगालमध्ये कांथा आणि बिहारमध्ये सुजनी म्हणून ओळखली जाते. मुजफ्फरपूर भागातील सुजनीला तर भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. दिल्ली हाटमध्ये हौसेने कांथाची चादर विकत घ्यायची आणि सासूबाईंनी शिवलेली गोधडी मात्र लपवायची, हा कुठला न्याय? मुंबईच्या गीता खंडेलवाल यांना महाराष्ट्रातील गोधड्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहावेसे वाटले, ते उगाच नव्हे.

सुरुवात अशी करा

एका माणसाच्या पांघरुणाला तीन सहावारी सुती साड्या पुरतात. त्या गरम पाण्यात धुऊन वाळवा. प्रत्येक साडी मधोमध दुमडली की तिन्ही मिळून सहा थर होतात. जीर्ण भाग कापून टाका. विरलेल्या साड्या गोधडीच्या पोटात घाला, चांगल्या काठपदराची साडी वर ठेवा. नायलॉन किंवा जॉर्जेट आत घालू नका. ते सरकते आणि घामही टिपत नाही.

आता थर जमिनीवर पसरून चारी बाजूंनी ताणायचे. हे एकटीचे काम नाही. दोन टोके सुनेने धरावीत, दोन सासूबाईंनी. मधल्या सुरकुत्या मुलांनी काढाव्यात. घरातल्या पुरुषांनीही हात लावायला हरकत नाही. नंतर मध्यापासून कडांकडे लांब कच्चे टाके घाला, म्हणजे थर हलणार नाहीत. मग कडेपासून सुरुवात करून, दोन बोटांच्या अंतरावर, आत आत जाणारे धावदोऱ्याचे चौकोन शिवत मध्यावर या. दोरा मेणावरून ओढून घेतला तर गुंतत नाही. टाके वाकडे आले तरी उसवत बसू नका.

हे काम दहा-पंधरा दिवस तरी चालते. एरवी एवढा वेळ कुणाला असतो? धुक्याच्या दिवसांत तो असतो. शिवता शिवता गोधडीचा शिवलेला भाग मांडीवर येतो, त्यामुळे बसल्या जागी ऊबही मिळते. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून बसण्यापेक्षा हे कितीतरी बरे. अशा शेगडीच्या विषारी वायूने उत्तर भारतात दर हिवाळ्यात माणसे दगावतात.

बोलण्याला निमित्त

सासूबाईंना सुनेचे मोबाइलवरचे व्यवहार कळत नाहीत, सुनेला सासूबाईंच्या गावच्या गोष्टींत रस नसतो. गोधडीपाशी मात्र दोघींना विषय मिळतो. हे लुगडे कोणत्या लग्नातले, हा काठ कोणी आणला, हे टाके कोणी शिकवले, असे बोलणे आपोआप निघते. येथे सासूबाईंना शिकवायचे असते आणि सुनेला शिकायचे. मजल्यावरच्या पंजाबी किंवा बंगाली शेजारणीलाही बोलवा. तिच्याकडेही तिच्या आजीचा एखादा टाका असेलच. ऊन पडले की सगळ्यांनी मिळून गच्ची गाठावी.

उरलेले चांगले कपडेही फेकू नका. अंशू गुप्ता यांनी १९९९मध्ये दिल्लीत सुरू केलेली ‘गूंज’ ही संस्था जुने कपडे गरजूंपर्यंत पोहोचवते आणि वापरात न येणाऱ्या कापडाच्या सुजनी शिवून घेते. या कामासाठी गुप्ता यांना २०१५मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

ऐन जानेवारीत दिल्लीच्या थंडीला नुसती गोधडी पुरत नाही. ती रजईच्या आत घ्यावी लागते. पण फेब्रुवारी सरताना रजई नकोशी होते आणि पहाटे गारवा तर असतोच. त्या दिवसांसाठी याहून चांगले पांघरूण नाही. म्हणून जानेवारीत सुई हाती घेतली, तर गोधडी अगदी वेळेवर तयार होते.