कवडीचा डाव

तुळजापूरच्या भवानीमातेला सारीपाट प्रिय. ती भारतीबुवांच्या मठात सारीपाट खेळायला येत असे, अशी भाविकांची श्रद्धा आहे. तिचे आराधी गळ्यात कवड्यांची माळ घालतात. हीच कवडी पटावर टाकून दान पाडता येते आणि हीच कवडी एके काळी बाजारातले सर्वांत हलके चलन होती. दागिना, दान आणि नाणे अशी तिन्ही रूपे एका कवडीत नांदत आली. तेव्हा धाराशिव जिल्ह्याला खेळाचे वावडे कधीच नव्हते. खेळ आणि जुगार यांतली रेषा मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांना पक्की ठाऊक होती. ती रेषा मोबाइलने पुसट केली.

गेल्या काही वर्षांत कळंब-उमरग्यापासून भूम-परंड्यापर्यंत तरुणांच्या हातात रमी आणि पोकर आले. पोकरची सर्वांत लहान टेबले रुपया-दोन रुपयांची असत. कवडीचाच डाव म्हणा! तिथे बसणाऱ्या, थोडाफार अभ्यास केलेल्या खेळाडूची एक ठरलेली तक्रार असे: समोरचे पाने टाकतच नाहीत, हाती काहीही असो, शेवटपर्यंत पैसे लावत राहतात आणि नेमके शेवटच्या पानावर जिंकतात. अशांशी खेळायचे तरी कसे?

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. दिवाळीत शेंगदाणे लावून तीन पत्ती खेळताना एखादे काका पाने न बघताच चाल देत राहतात. त्यांच्यापुढे हूल देऊन उपयोग नसतो, कारण हूल कळायला समोरच्याने विचार करावा लागतो. बावन्न पानांतून तीन पानांचे २२,१०० संच होतात आणि त्यांतल्या १६,४४० संचांत साधी जोडीसुद्धा नसते. म्हणजे शंभरातले सुमारे ७४ डाव रिकामेच. ते निमूटपणे सोडून द्यावेत, चांगली पाने आली की पुरेपूर किंमत लावावी आणि हरल्यास चिडू नये. सैल हाताच्या खेळाडूवरचा उतारा एवढाच, आणि त्याचे नाव संयम.

हा उपदेश खरा आहे, पण अपुरा आहे. पोकरमध्ये एक्क्यांची जोडी ही पहिली सर्वोत्तम पाने. ती सरासरी २२१ डावांत एकदा येतात. कोणतीही पाने घेऊन बसलेल्या एकाच खेळाडूपुढे ती शंभरात ८५ वेळा जिंकतात. असे पाच जण शेवटपर्यंत टिकले, तर मात्र जेमतेम ४९ वेळा. म्हणजे सर्वांत चांगली पाने हाती असूनही निम्म्याहून अधिक वेळा हारच पदरी येते. जिंकतो तेव्हा मोठे जिंकतो, म्हणून हिशेब अखेर जुळतो हे खरे. पण ही अखेर हजारो डावांनंतर येते. तोवर खिसा आणि डोके दोन्ही शाबूत राहणारे किती?

शिवाय टेबलावर न दिसणारा एक खेळाडू असतोच. जुगाराच्या अड्ड्यावर मालक प्रत्येक डावातून आपली नाल काढतो, तशी कंपनीही काढत असे. समजा, सहा जणांनी दोनशे-दोनशे रुपये आणले. एकूण झाले बाराशे. सरासरी डाव चाळीस रुपयांचा, नाल शेकडा पाच, म्हणजे डावामागे दोन रुपये. तासाला साठ डाव झाले तर एकशेवीस रुपये गेले. दहा तासांत सहाही जणांच्या पैशाइतकी रक्कम मालकाच्या घरात! शिवाय २०२३ पासून भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी आणि निव्वळ जिंकण्यावर ३० टक्के करकपात होतीच. हुशार आणि अडाणी एकमेकांना लुटत होते आणि वाटा तिसराच नेत होता.

आणि हा सैल हाताचा खेळाडू तरी कोण? महाभारतात तो युधिष्ठिराच्या रूपाने बसला आहे. त्याला खेळाची हौस होती, खेळ येत नव्हता, आणि उठून जाणे त्याहून येत नव्हते. विदर्भकन्या दमयंतीचा नलही तसाच. पुढे ऋतुपर्णाकडून त्याला फाशांची विद्या मिळाली, पण ती राज्य गेल्यावर. आज तो सोयाबीनचे पैसे आल्यावर किंवा येण्याआधीच रात्री गोधडीत मोबाइल उघडणारा कोणाचा तरी मुलगा असतो. टेबलावर त्याला गिऱ्हाईक म्हणतात, घरी तो कर्ता असतो. कर्जापायी संसार उद्ध्वस्त झाल्याच्या बातम्या आपल्या जिल्ह्यानेही वाचल्या आहेत.

रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये म्हटले होते. त्याच वाटेने या व्यवसायाने पुढे आपले समर्थन केले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि देशातल्या मोठ्या कंपन्यांनी पैशांची टेबले बंद केली. या कायद्याचा रोख खेळ चालवणाऱ्यांवर आणि त्याची जाहिरात करणाऱ्यांवर आहे, खेळणाऱ्यावर नाही. हे योग्यच झाले. म्हणूनच अडकलेल्या मुलाने घरी तोंड उघडायला भिण्याचे कारण नाही, आणि घरच्यांनीही आधी ऐकून घ्यावे, बोल मागून लावावेत. गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी चोरवाटेने परदेशी टेबल शोधणे म्हणजे रिकामी पाने घेऊन शेवटपर्यंत चाल देत राहणे होय.

पत्ते मात्र घरातून हद्दपार करू नयेत. पाने मोजणे, समोरच्याचा चेहरा वाचणे, रिकामा डाव सोडून देणे आणि हरूनही हसणे हे धडे पत्ते फार स्वस्तात देतात. पाटावर शेंगदाणे ठेवावेत, काकांना खुशाल पाने न बघता चाल देऊ द्यावी. डाव संपल्यावर शेंगदाणे सगळ्यांनी मिळून खावेत. त्या घरी नाल कोणी काढत नाही.