जीवनगौरव कसा करावा?



'जीवनगौरव' हा शब्द परदेशातल्या मराठी मंडळांच्या कार्यक्रमपत्रिकांवर आता चांगलाच रुळला आहे. शाल, श्रीफळ, मानपत्र, टाळ्या आणि मग जेवणाची रांग. त्यात वावगे काहीच नाही. ज्यांनी एखाद्या कामासाठी आयुष्य वेचले त्यांच्यापुढे चार माणसांनी हात जोडावेत, ही रीत चांगलीच आहे. पण ज्यांनी कॅन्सरच्या संशोधनात जन्म घालवला, त्यांच्या बाबतीत एवढ्यावर भागत नाही, असे माझे मत आहे. ते मांडण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

उदाहरण आपल्याच माणसाचे घेऊ. डॉ. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ. जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. वडील तिथेच जीवशास्त्र शिकवत. मुलीने डॉक्टर व्हावे, डॉक्टरशीच लग्न करावे, अशी त्यांची इच्छा. मुलीने दोन्ही केले नाही. १९३९ साली लग्न केले ते गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी, आणि १९४३ साली एम. एस्सी. केले ते सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशींवर! पुढे मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वि. रा. खानोलकरांच्या हाताखाली काम करून १९४९ साली पीएच. डी. मिळवली. नंतर बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत शिकून त्या परत आल्या. शरीरातली पेशी काचपात्रात जिवंत ठेवून वाढवण्याची भारतातली पहिली प्रयोगशाळा त्यांनी मुंबईत उभी केली.

सन्मान त्यांना मिळाले. १९६४ साली वाटुमल पारितोषिक, १९८२ साली पद्मभूषण. त्यांच्या एकशेचाराव्या जन्मदिनी, २०२१ साली, गूगलने पहिल्या पानावर त्यांचे चित्र झळकवले. १९७३ साली अकरा सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी भारतीय महिला शास्त्रज्ञांची संघटना काढली. निवृत्तीनंतर नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाचे काम केले. २००१ साली त्या गेल्या.

आता मुद्द्यावर येतो. रणदिवेबाईंनी प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासल्या. स्तनाच्या कॅन्सरचा आनुवंशिकतेशी संबंध आहे, हे भारतात अगदी सुरुवातीला मांडणाऱ्यांत त्यांचे नाव घेतले जाते. पुढे १९९० साली अमेरिकेत मेरी-क्लेअर किंग यांनी अशा एका जनुकाचा माग सतराव्या गुणसूत्रापर्यंत नेला, आणि १९९४ साली ते जनुक हाती लागले. तेच आजचे बी.आर.सी.ए.-१. थोडक्यात काय, तर 'तुमच्या घरात कोणाला झाला होता का?' हा डॉक्टरांचा प्रश्न अशा लोकांच्या आयुष्यभराच्या कष्टातून आला आहे.

आणि वाचकहो, या प्रश्नाला आपण काय उत्तर देतो? नव्या फॅमिली डॉक्टरकडे गेले की फॉर्मवर तो असतोच. आपण पटकन 'नाही' वर खूण करतो. खोटे बोलायचे म्हणून कोणी करत नाही. आपल्याला खरोखरच माहीत नसते. मावशी 'पोटाच्या दुखण्याने' गेलेली असते. आत्याची 'साधी गाठ' काढलेली असते. आजीला 'मोठा आजार' होता, एवढेच कानावर आलेले असते. घरात मुलीचे लग्न ठरायचे आहे म्हणून कोणी बोलत नाही. आणि परदेशी असलेल्याला तर मुळीच सांगत नाहीत. 'इतक्या लांब आहेस, उगीच जिवाला घोर कशाला?' यात माया आहे, हे मान्य. पण त्या मायेपोटी मुलीला आणि नातीला जे ठाऊक असायला हवे, ते समुद्रापलीकडेच राहते.

आपल्यातल्या कित्येक घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत. मूळ गाव कोणते, कुलदैवत कोणते, कोण मामलेदार झाला, कोण इंजिनीअर झाला, सगळे त्यात सापडते. कोण कोणत्या वयात कशाने गेले, हे मात्र क्वचितच सापडते.

याचा आपल्याशी, इथे वॉनमध्ये, काय संबंध? फार जवळचा आहे. ज्या स्त्रियांना आनुवंशिक धोका जास्त आहे, त्यांच्यासाठी ऑन्टारिओत २०११ पासून वेगळी तपासणी योजना आहे. ३० ते ६९ वयात दरवर्षी मॅमोग्रामबरोबर एम.आर.आय.देखील होतो. पण त्या योजनेत शिरायला डॉक्टरांची चिठ्ठी लागते, आणि घरातला इतिहास 'काही नाही' असा लिहिला असेल तर डॉक्टरांना चिठ्ठी द्यायचे सुचावे तरी कसे? बाकीच्या स्त्रियांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून वयाची अट चाळीसवर आली आहे. ४० ते ७४ वयाच्या स्त्रिया चिठ्ठीशिवाय स्वतः फोन करून मॅमोग्रामची वेळ घेऊ शकतात. खर्च नाही.

कोणी म्हणेल, असले विषय मंडळाच्या पत्रकात कशाला? ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे. बरोबर आहे. हॉलमध्ये माईकवरून सांगा, असे मी म्हणत नाही. मुलांना सांगा आणि डॉक्टरांना सांगा, एवढेच म्हणतो. दुसरे कोणी म्हणेल, उगीच घबराट होईल. तर हेही सांगतो, की स्तनाच्या शंभर कॅन्सरांपैकी साधारण पाच ते दहाच आनुवंशिक असतात. माहिती दिली म्हणून आजार येत नाही, आणि लपवली म्हणून तो थांबत नाही.

आपण ज्या देशात आलो, तिथे १९८० साली एकवीस वर्षांचा टेरी फॉक्स एका कृत्रिम पायावर १४३ दिवस धावला. ५,३७३ किलोमीटर. कॅन्सर हा शब्द मोठ्याने उच्चारायला त्याने साऱ्या कॅनडाला शिकवले. आपली मुले दर सप्टेंबरला शाळेत त्याच्या नावाने धावतात, आपण कौतुकाने चेकही देतो. पण त्याच मुलांना स्वतःच्या आजीला काय झाले होते, हे ठाऊक नसते. हे मला खटकते.

शिवाय सन्मान नेहमी उशिराच पोहोचतात. टोरांटोच्या टिल आणि मॅककलक यांनी मूळ पेशींचा पुरावा १९६१ साली मांडला, लास्कर पारितोषिक मिळाले २००५ साली. त्याच शहरातल्या डॉ. व्हेरा पीटर्स यांनी हॉजकिन्सचा आजार बरा होऊ शकतो हे १९५० साली दाखवले. कॅनडाच्या वैद्यकीय सन्मान-दालनात त्यांचे नाव लागले २०१० साली, त्या जाऊन सतरा वर्षे झाल्यावर. यांनी काही मानपत्रासाठी काम केले नव्हते. त्यांचे काम कोणाच्या तरी उपयोगी पडले, तरच त्यांचा मान राहिला म्हणायचे.

म्हणून दोन सूचना. पहिली प्रत्येक घरासाठी. पुढच्या खेपेस भारतात जाल तेव्हा भाजणी-मेतकुटाच्या यादीबरोबर तीन प्रश्नही न्या: कोणाला झाला, कोणत्या अवयवाचा, आणि कोणत्या वयात. आईच्या बाजूचे विचारा, तसेच वडिलांच्या बाजूचेही, कारण हा दोष बापाकडूनही तितकाच येतो. कागदावर लिहा आणि डॉक्टरांना द्या. दुसरी सूचना मंडळासाठी. ८ नोव्हेंबर दिवाळीच्या आसपासच येतो. दिवाळीच्या कार्यक्रमात दहा मिनिटे डॉ. कमल रणदिवे यांच्यासाठी ठेवावीत, आणि या तीन प्रश्नांचा मराठी कागद प्रत्येक कुटुंबाच्या हाती द्यावा. झेरॉक्सचा खर्च शालीपेक्षा कमीच येईल.

आपले मत जरूर कळवावे.

— एक सभासद, वॉन